पोलिस तपासात नाव आलेला खेळाडू आणि एनएफएल ड्राफ्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल आला की मला तेच ते मेसेज यायला लागतात, "अरे तो अमका टॉपला होता ना, पोलिसांचं काय ते, आता त्याला कोण घेणार?" दरवर्षी नाव बदलतं, प्रश्न तेच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वर्षी नुसती लिंक पाठवेन. आणि हो, इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, मेस्सीवाला नाही, आणि एनएफएल ही त्याची तिकडची व्यावसायिक लीग.

१. आधी बेसिक सांग, ड्राफ्ट म्हणजे आयपीएलच्या लिलावासारखं का?

नाही. लिलावात पैसे बोलतात, ड्राफ्टमध्ये नंबर बोलतो. 32 टीम, सात फेऱ्या, आणि आदल्या सीझनला जी सगळ्यात वाईट खेळली ती पहिली उचलते. गुरुवारी पहिली फेरी, शुक्रवारी दुसरी-तिसरी, शनिवारी उरलेल्या चार. कॉलेजमधून येणाऱ्या पोराला टीम निवडता येत नाही, टीम त्याला निवडते. पगारही नंबराप्रमाणे जवळजवळ ठरलेला, त्यामुळे घासाघीस फार नसते. पाच नंबर खाली घसरला की तेवढे पैसे गेले, नंतर भांडून मिळत नाहीत. हे नीट लक्षात ठेवा कारण खालचं सगळं यावरच उभं आहे.

२. "तपासात अडकला" म्हणजे नक्की काय? अटक झाली की नुसती चौकशी?

इथेच सगळ्यांचा घोळ होतो. आपल्याकडे "गुन्हा दाखल" एवढं ऐकलं की लोक निकाल लावून मोकळे होतात. तिकडे पायऱ्या वेगवेगळ्या आहेत. पोलिसांना नुसतं बोलायचंय, ही एक. कोणीतरी तक्रार केली आणि तपास चालू आहे, ही दुसरी. वॉरंट निघालं, अटक झाली, जामीन झाला, ही तिसरी. त्यानंतर सरकारी वकील किंवा ग्रँड ज्युरी, म्हणजे साध्या नागरिकांचं मंडळ जे बंद दाराआड पुरावा बघून खटला चालवायचा की नाही ते ठरवतं, त्यांनी आरोप ठेवला तर चौथी. आणि खटला, कबुली, शिक्षा हे सगळं त्याच्याही पुढे. बातमीत मात्र चारही पायऱ्यांना एकच हेडलाईन असते. तुम्ही विचारता तेव्हा पहिलं हे सांगा की पोरगा कुठल्या पायरीवर आहे, मग पुढचं बोलू.

३. लाएल कॉलिन्सचं नाव सगळे घेतात, त्याचं काय झालं होतं?

तो लुईझियाना स्टेट विद्यापीठाचा ऑफेन्सिव्ह लाइनमन, म्हणजे समोरच्यांना अडवून आपल्या माणसांना वाट करून देणारा, बॅटन रूज शहराचाच पोरगा, 2015 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत जाणार असं जवळपास सगळे म्हणत होते. ड्राफ्ट शिकागोला 30 एप्रिलपासून. 24 एप्रिलला, म्हणजे सहा दिवस आधी, बॅटन रूजमध्ये एका गरोदर बाईचा गोळ्या घालून खून झाला, आणि कॉलिन्सची तिच्याशी पूर्वी ओळख होती, मैत्रीण होती असं म्हणतात. पोलिसांनी सांगितलं की त्याच्याशी बोलायचंय. त्याच वेळी हेही सांगितलं की तो संशयित नाही. आता गंमत बघा, गंमत कसली, दुसऱ्या वाक्याला कुणी विचारलंच नाही.

शिकागोला समारंभासाठी आलेला तो पोरगा परत घरी गेला. गुरुवारी नाव आलं नाही. शुक्रवारी नाही. शनिवारी मी टीव्ही लावून बसलो होतो, स्क्रीनवर "अजून शिल्लक असलेले चांगले खेळाडू" अशी यादी येते ना, तिथे त्याचं नाव चिकटून बसलेलं, खालची नावं एकेक करून जात होती आणि हे जागचं हलत नव्हतं. 256 खेळाडू निवडले गेले, तो नाही.

ड्राफ्ट संपल्यावर सोमवारी, 4 मे ला, तो वकिलाबरोबर पोलिसांशी बोलला. त्याच आठवड्यात डॅलस काऊबॉइजचा मालक जेरी जोन्सच्या घरी जेवण झालं, टीमचे खेळाडूही होते, आणि 7 मे ला त्याने सही केली. त्या प्रकरणात त्याच्यावर कधीच कुठलाही आरोप ठेवला गेला नाही.

मोजून बघा, 30 एप्रिल ते 7 मे. एक आठवडा. ड्राफ्ट आठ दिवस उशिरा असता तर हे नाव तुम्हाला माहितही नसतं.

४. मग त्याने ड्राफ्टमधून नाव काढून का नाही घेतलं?

प्रयत्न केला होता. त्याच्या एजंट लोकांनी लीगला विनंती केली की याला या ड्राफ्टमधून काढा आणि उन्हाळ्यातल्या सप्लिमेंटल ड्राफ्टमध्ये घाला. लीग नाही म्हणाली. तो पुरवणी ड्राफ्ट असतो ज्यांची कॉलेजमध्ये खेळायची पात्रता मुख्य ड्राफ्टनंतर अचानक गेली त्यांच्यासाठी. कॉलिन्सची चार वर्षं रीतसर संपलेली, त्यामुळे तो आपोआपच मुख्य ड्राफ्टमध्ये. "माझं नाव तपासात आलंय, थोडं थांबा" असा रकानाच फॉर्मवर नाही.

५. पण सातव्या फेरीत तरी कुणीतरी घ्यायचा ना, फुकटच होता की!

हा माझा आवडता प्रश्न, कारण उत्तर उलटं आहे.

नियम असा की ड्राफ्ट झालेला खेळाडू सही न करता वर्षभर बसून राहिला तर पुढच्या वर्षी पुन्हा ड्राफ्टमध्ये येऊ शकतो. पण ज्याला कुणीच घेतलं नाही तो लगेच मोकळा, हव्या त्या टीमशी बोलू शकतो. कॉलिन्सच्या एजंटांनी सगळ्या टीमना निरोप दिला की पहिल्या तीन फेऱ्यांत घेतलंत तर ठीक, शनिवारी स्वस्तात उचललात तर आम्ही सही करणार नाही, 2016 मध्ये परत येऊ. म्हणजे सातव्या फेरीतला तो "फुकट" पिक, म्हणजे निवडीची पाळी, तीही वाया. टीम बिचकल्या. आणि कुणीच न घेतल्यामुळे एक वेगळाच फायदा झाला, टीम त्याला निवडण्याऐवजी तो टीम निवडायला बसला. काऊबॉइजकडे तेव्हा टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक, झॅक मार्टिन अशी पहिल्या फेरीतली लाइन उभी होती, तिथे जाऊन उभं राहायला कुठल्या लाइनमनला आवडणार नाही.

शिवाय ड्राफ्टमधून आलेल्याचा करार चार वर्षांचा असतो, न निवडलेल्याचा तीन. म्हणजे पुढच्या मोठ्या पैशाची बोलणी एक वर्ष आधी. शेवटच्या फेरीत जाण्यापेक्षा अजिबात न जाणं बरं, असं ड्राफ्टमध्ये बऱ्याचदा असतं, तपास असो नसो.

६. पैसे किती बुडाले?

कॉलिन्सचा काऊबॉइजशी करार तीन वर्षांचा, साधारण 16 लाख डॉलर, पण पूर्ण गॅरंटीचा, जे न निवडलेल्या पोराला सहसा कुणी देत नाही. पहिल्या फेरीच्या उत्तरार्धात गेला असता तर चार वर्षांचे 90 लाखांच्या आसपास. नंतर त्याने भरून काढलं, 2017 ला दोन वर्षांचे 1 कोटी 54 लाख, 2019 ला पाच वर्षांचे 5 कोटी डॉलर. पण ते तो चांगला खेळला म्हणून. गुडघा पहिल्याच वर्षी गेला असता तर ते 16 लाखच राहिले असते.

जेलन कार्टर (जॉर्जिया विद्यापीठाचा बचावफळीतला खेळाडू, त्याची केस प्रश्न १० मध्ये) याचा हिशोब वेगळा, तो पहिल्या नंबरच्या चर्चेत होता आणि नवव्या नंबरवर गेला. 2023 ला पहिल्या नंबरला पावणेचार कोटींच्या वर मिळाले, नवव्याला 2 कोटी 18 लाखांच्या आसपास. आता तपास नसता तर तो पहिलाच गेला असता असं नाही, क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारे मुख्य खेळाडू, वर जातातच, पण मधला फरक केवढा ते कळावं म्हणून सांगितलं.

७. टीम स्वतः चौकशी करतात म्हणे, म्हणजे काय करतात? पोलिस त्यांना आतलं सांगतात का?

बहुतेक टीमकडे सिक्युरिटीचा एक माणूस असतो, बऱ्याचदा माजी पोलिस किंवा माजी एफबीआयवाला. तो फोन फिरवतो. कॉलेजचे कोच, ट्रेनर, रूममेट, गावातला शेरीफ, शाळेचा मुख्याध्यापक. कम्बाइनला, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधल्या त्या मोठ्या चाचणीला, पोराला खोलीत बसवून पंधरा-वीस मिनिटं प्रश्न विचारतात. शिवाय प्रत्येक टीम 30 पोरांना आपल्या ऑफिसला बोलावू शकते. चार महिने हेच चालतं.

पण चालू तपासाची फाईल पोलिस टीमला दाखवत नाहीत आणि दाखवूही नये. ओळखीतून "काही फार नाहीये रे" एवढं कळत असेल कदाचित, त्यावर कुणी कोटी लावत नाही. त्यामुळे प्रकरण जानेवारीत आलं तर टीमकडे वेळ असतो, ड्राफ्टच्या आठवड्यात आलं तर त्यांनाही तेवढंच माहीत जेवढं तुम्हाला-मला. पोलिसांना कसलीच डेडलाईन नाही. टीमला आहे, पहिल्या फेरीत एका पिकला मोजकीच मिनिटं.

८. पॉलिग्राफ दिली, पास झाला, मग संपलं ना?

नाही संपलं. कॉलिन्स आणि कॉनली (तो पुढच्या प्रश्नात येतो) दोघांच्याही वेळी पॉलिग्राफच्या, म्हणजे खोटं पकडायच्या चाचणीच्या, बातम्या आल्या होत्या. पण खेळाडूच्या बाजूने करवून घेतलेली अशी चाचणी कोर्टात पुरावा म्हणून सहसा चालतच नाही, ती असते जनरल मॅनेजरसाठी, म्हणजे त्याला मालकासमोर बोट दाखवायला एक कागद मिळतो. माझं मत विचाराल तर ती पॉलिग्राफ म्हणजे लग्नाआधीची पत्रिका आहे, ज्याला करायचंय त्याला जुळते.

९. गॅरियन कॉनलीवर तर थेट आरोप होता, त्याला पहिल्या फेरीत कसं घेतलं?

ओहायो स्टेट विद्यापीठाचा कॉर्नरबॅक, म्हणजे समोरच्या रिसीव्हरला रोखणारा बचावपटू. 2017 च्या एप्रिलमध्ये क्लीव्हलँडच्या एका हॉटेलमधल्या घटनेवरून एका तरुणीने बलात्काराची तक्रार दिली, त्याने पूर्ण नाकारली. बातमी फुटली ड्राफ्टच्या दोन दिवस आधी. तेव्हा अटक नाही, आरोप नाही, म्हणजे प्रश्न २ मधली दुसरी पायरी. ओकलंड रेडर्सनी त्याला 24 व्या नंबरवर घेतलं, आणि त्यांचा मॅनेजर रेजी मॅकेन्झी म्हणाला की आम्ही खूप खोलात जाऊन माहिती काढलीय. पोलिसांकडे त्याचा जबाब झाला ड्राफ्टनंतरच्या सोमवारी! जुलैच्या शेवटी ग्रँड ज्युरीने आरोप ठेवायला नकार दिला.

आता कॉलिन्सशी ताडून बघा. एकावर नाव घेऊन गंभीर तक्रार, तो पहिल्या फेरीत. दुसरा संशयितसुद्धा नाही, त्याला कुणीच नाही. न्याय शोधायला गेलात तर सापडणार नाही. रेडर्सना बाकीच्या 31 टीमपेक्षा वेगळं वाटलं, बस, 32 पैकी एकाला वाटलं तरी पुरतं. कॉलिन्सच्या वेळी तसा एकही निघाला नाही, आणि खून हा शब्द ऐकल्यावर कुठला मालक प्रेससमोर उभा राहणार होता.

१०. जेलन कार्टरची केस यात कुठे बसते?

तिसऱ्या-चौथ्या पायरीवर, आणि म्हणूनच ती टीमसाठी सोपी होती, ऐकायला विचित्र वाटेल पण खरंय. 15 जानेवारी 2023 ला जॉर्जिया विद्यापीठाच्या टीमच्या विजयाच्या मिरवणुकीनंतर काही तासांनी, पहाटे, अथेन्समध्ये अपघात झाला, टीममधला एक खेळाडू आणि एक कर्मचारी गेले. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे अपघातातली गाडी आणि कार्टरची गाडी शर्यत लावत होत्या आणि अपघातातली गाडी ताशी 100 मैलांच्या वर गेली होती. 1 मार्चला वॉरंट निघालं तेव्हा कार्टर इंडियानापोलिसला कम्बाइनला होता. तिथून तो अथेन्सला गेला, रात्री साडेअकराच्या सुमारास जेलमध्ये नोंद झाली, पाव तासात जामिनावर बाहेर, आणि परत कम्बाइनला हजर.

आरोप बेदरकार गाडी चालवणे आणि शर्यत लावणे, दोन्ही किरकोळ गुन्ह्यात मोडणारे. 16 मार्चला त्याने "नो काँटेस्ट" केलं, म्हणजे कबूल नाही पण लढतही नाही. 12 महिने प्रोबेशन, 1000 डॉलर दंड, 80 तास समाजसेवा. म्हणजे ड्राफ्टच्या सहा आठवडे आधी कायद्याचा हिशोब कागदावर संपला होता. दोन जीव गेले त्याचा हिशोब वेगळा, तो असा संपत नाही.

टीमच्या मनात मग उरला स्वभावाचा प्रश्न. त्यात प्रो डेला, म्हणजे कॉलेजमध्येच होणाऱ्या चाचणीला, तो नऊ पौंड वजन वाढवून आला आणि दमून ड्रिल पूर्णच करू शकला नाही, त्यावर जास्त बोंब झाली असं मला वाटतं. त्याचा एजंट ड्रू रोझेनहाऊसने तर पहिल्या दहाच्या बाहेरच्या टीमना भेटच नाकारली, पक्का माणूस. फिलाडेल्फिया ईगल्सनी शिकागोला पुढच्या वर्षीचा चौथ्या फेरीचा पिक देऊन दहावरून नववर उडी मारली आणि त्याला घेतला. फेब्रुवारी 2025 ला ईगल्सनी सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकली तेव्हा तो त्यांच्या बचावाच्या लाइनच्या मध्यभागी होता.

११. म्हणजे टॅलेंट असेल तर सगळं माफ?

सगळं नाही, पण भाव बदलतो. टीम "याने केलं की नाही" हे ठरवतच नाही, ती ठरवते "या नंबरवर ही जोखीम परवडते का". 2017 लाच केलेब ब्रँटली नावाच्या खेळाडूवर ड्राफ्टच्या आधी मारहाणीचा किरकोळ आरोप होता, वरच्या फेऱ्यांत जाईल म्हणत होते, क्लीव्हलँड ब्राऊन्सनी सहाव्या फेरीत 185 व्या नंबरवर घेतला आणि वर सांगूनही टाकलं की आम्ही अजून चौकशी करू, नाही पटलं तर ठेवणार नाही. सहाव्या फेरीत असं बोलायला काय जातं. पुढे सरकारी वकिलांनी ती केस सोडून दिली. पहिल्या फेरीचा पिक असा "बघू, नाहीतर परत करू" म्हणून कुणी घेत नाही.

१२. निर्दोष असेल तर पोलिसांकडे जाऊन बोलून मोकळं व्हायचं ना, एवढे दिवस का लावतात?

आपल्या घरातही हेच म्हणतात, कर नाही त्याला डर कशाला. पण तिकडचा कुठलाही शहाणा वकील आधी थांब म्हणेल. गप्प राहायचा हक्क राज्यघटनेने दिलाय आणि बोललेलं प्रत्येक वाक्य नंतर वापरता येतं. वकिलाला पोराचं स्वातंत्र्य वाचवायचंय, एजंटला ड्राफ्टचा नंबर, आणि त्या आठवड्यात दोघांचे सल्ले नेमके उलटे असतात. कॉलिन्स ड्राफ्टआधी बोलला असता तर काय झालं असतं यावर आम्ही मित्र अजून भांडतो.

१३. ड्राफ्ट झाल्यावर प्रकरण बाहेर आलं तर पिक परत मिळतो का?

नाही. घेतला तो घेतला. बफेलो बिल्सनी 2022 ला मॅट अराइझा नावाचा पंटर (बॉल लांब लाथाडणारा) सहाव्या फेरीत घेतला, ऑगस्टमध्ये त्याच्यावर सामूहिक बलात्काराचा दिवाणी दावा दाखल झाला, दोन दिवसांत टीमने सोडून दिला. डिसेंबरमध्ये सरकारी वकिलांनी फौजदारी आरोप ठेवणार नाही असं जाहीर केलं, पुढच्या वर्षी त्याला त्या दाव्यातूनही वगळलं, आणि 2024 ला कॅन्सस सिटी चीफ्सनी घेतलं. बिल्सना भरपाई शून्य.

१४. कॉलेजातल्या गोष्टीसाठी लीग स्वतः बॅन करू शकते का?

लीगची वर्तणुकीची पॉलिसी मुख्यतः लीगमध्ये आल्यानंतरच्या वागण्यासाठी, आणि तिथे शिक्षेसाठी कोर्टाचा निकाल लागतोच असं नाही. कॉलेजातल्या गोष्टीवर सहसा हात घालत नाहीत, पण टेरेल प्रायर नावाच्या खेळाडूला 2011 ला पाच मॅच बसवलं होतं. ते पोलिस प्रकरण नव्हतं, कॉलेजच्या नियमभंगाचं होतं. 2016 ला लीगने असंही ठरवलं की घरगुती हिंसा, लैंगिक अत्याचार किंवा शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला कम्बाइनला बोलवायचं नाही, म्हणून 2017 ला जो मिक्सन तिथे नव्हता. तरी ड्राफ्टमध्ये 48 वा गेलाच. कम्बाइन बंद म्हणजे ड्राफ्ट बंद नव्हे.

१५. न निवडला गेलेला आणि केस अजून चालू, अशाने मे महिन्यातच सही करावी की थांबावं?

कॉलिन्ससारखं आठवड्यात मिटणार असेल तर लगेच. नाहीतर थांबावं, असं आयझाया बाँडकडे बघून म्हणतो. टेक्सास विद्यापीठाचा वाईड रिसीव्हर (धावत जाऊन बॉल झेलणारा), 2025 च्या ड्राफ्टच्या दोन आठवडे आधी लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीवरून अटक, तो स्वतः हजर झाला, आरोप नाकारला. ड्राफ्टमध्ये कुणी नाही घेतला. तो उन्हाळाभर बिनाटीमचा बसला, ऑगस्टमध्ये ग्रँड ज्युरीने आरोप ठेवायला नकार दिला आणि लगेच ब्राऊन्सनी तीन वर्षांचा पूर्ण गॅरंटीचा करार दिला, 30 लाख डॉलरच्या आसपास. मे मध्ये कुणी असं दिलं नसतं. फक्त सराव शिबिर बुडतं, आणि नवख्या रिसीव्हरला ते फार लागतं.

१६. ग्रँड ज्युरीने नाही म्हटलं म्हणजे तक्रार खोटी होती, बरोबर?

चूक, आणि हे मी दरवर्षी लिहितो. त्याचा अर्थ एवढाच की खटला उभा करण्याइतका पुरावा त्यांना दिसला नाही. तक्रार करणारी खोटं बोलली असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. तसंच खेळाडूला गुन्हेगार म्हणायचाही हक्क कुणाला राहत नाही. दोन्ही एकदम डोक्यात ठेवायला जड जातं, माहितीये. तिचं नाव-फोटो शोधून ग्रुपवर टाकणाऱ्यांना मी सरळ ब्लॉक करतो, 2017 ला एकाला केलं तो अजून रागावलेला आहे.

१७. आमच्या ऑफिसच्या डायनॅस्टी फँटसी लीगमध्ये असा खेळाडू घेऊ का?

खरंच हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो! (डायनॅस्टी फँटसी म्हणजे खऱ्या खेळाडूंची मनातली टीम, जी वर्षानुवर्षं ठेवता येते.) घ्यायचाच असेल तर शेवटच्या दोन राउंडमध्ये, आणि आधी प्रश्न २ वाचून पायरी बघून. लाइनमन असेल तर तुमच्या लीगमध्ये त्याला पॉइंटच नाहीत, ते आधी तपासा, 2015 ला एकाने मला कॉलिन्सबद्दल तीन मेसेज केल्यावर आम्हाला दोघांना ते लक्षात आलं.